पाहुण्यांसाठी धुतलेली खाण

मी पत्रकं लिहिते. घाटकोपरला एका गाळ्यात आमच्या संघटनेचं ऑफिस आहे, तिथे मला ते शिकवलं. कंपनीने काय केलं नाही ते आधी लिहायचं, आपल्याला काय हवं ते नंतर, आणि शेपूट लावायचं नाही. आभारांना पत्रकात जागा नसते, कागद महाग आहे. त्यामुळे हे लिहायला मला जड जातंय. हे आभाराचं लिखाण आहे आणि माझा हात त्याला बसलेला नाही. मध्येच शिव्या घालायला लागले तर सांभाळून घ्या.

माझे बाबा दहिसरच्या चेकनाक्यापलीकडे, डोंगरातल्या एका दगडखाणीत ड्रिल मारायचे. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं ते अवजड यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरायचं आणि कातळात भोक पाडायचं. त्या भोकात सुरुंगाची दारू भरणारा माणूस वेगळा. भोक पाडताना राखेसारखी बारीक भुकटी उडते. ती कुठे जाते हे विचारायला नको, कारण ड्रिल मारणारा तिच्यावरच वाकलेला असतो. खाली क्रशर होता, दगड फोडून खडी करणारा. त्याच्याभोवती बायका दगड वेचायच्या. त्यांच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या झालेल्या असायच्या. बाबा घरी येऊन आधी केस झटकायचे, मग चहा.

कंपनी लहान नव्हती. तीन खाणी, एक क्रशर, अंधेरीला काचेचं ऑफिस. धुळीवर कंपनीने काढलेला उपाय म्हणजे तोंडाला बांधायला एक फडकं आणि सुट्टी होताना गुळाचा खडा. गूळ खाल्ला की धूळ खाली जाते, असं खाणीत सगळे मानतात. खाली म्हणजे नक्की कुठे, हे कुणी सांगत नाही. मला गुळाचा राग नव्हता. गूळ वाटून हात झटकणाऱ्यांचा होता, आणि अजून आहे.

मागणी साधी होती. ड्रिलच्या तोंडाशी पाणी सोडा, म्हणजे भुकटी उडत नाही, चिखल होऊन वाहून जाते. क्रशरवर फवारे लावा. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढा. यात नवीन काही नाही, शहाण्या खाणींमध्ये हे कधीचं चालतं.

आमच्या घरात मात्र यावरून भांडण होतं. बाबा मालवणकडचे, इतकी वर्षं मुंबईत काढूनही घरात मालवणीच बोलतात. एकदा माझं पत्रक हातात धरून म्हणाले, "तुझ्या ह्या कागदापायी माझी नोकरी जातली. मगे काय खातलंस? कागद?"

त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून तर ती मला खुपायची. खाणीत कुणाला दम लागायला लागला की साहेब लोक गोड बोलून म्हणायचे, गावी जाऊन जरा आराम कर. आराम करायला गेलेला माणूस परत कामावर आलेला बाबांनी कधी पाहिला नव्हता. म्हणजे छाती वाचवायची तर नोकरी जाणार, नोकरी वाचवायची तर छाती जाणार. मला एवढंच हवं होतं की बाबांच्या हातातून ते ड्रिल जावं आणि नोकरी जाऊ नये. बाकी कामगार, क्रांती वगैरे ठीक आहे, पण खरं सांगायचं तर मी यासाठी धडपडत होते.

अंधेरीच्या ऑफिसात मॅनेजरला भेटायला गेले तेव्हा त्याने चहा मागवला, एसी कमी केला आणि नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सगळं बरोबर आहे तुमचं, पण तिथे पाणीच नाहीये हो. डोंगर आहे तो. टँकर चढत नाही."

मी म्हटलं, "टँकर चढत नाही म्हणून माणसांनी दगड श्वासातून घ्यायचा का?"

तो म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही पत्रकातलं बोलताय."

ते वाक्य खरंच पत्रकातलं होतं. त्यामुळे मला आणखी संताप आला. चहा अर्धा सोडून मी उठले आणि आम्ही सरकारच्या खाण सुरक्षा खात्याकडे तक्रार केली. बरीच पायपीट झाली, ती इथे सांगत नाही, सगळ्यांची सारखीच असते. शेवटी तपासणीचा दिवस ठरला. अधिकारी मॅडम स्वतः येणार आणि तक्रारदार म्हणून मी बरोबर असणार.

आदल्या दिवशी मी देवाला काय मागितलं असेल? भरपूर धूळ उडू दे. असं मागणारी त्या दिवशी मुंबईत मी एकटीच असणार.

मॅडम पन्नाशीच्या होत्या, पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट. जीपमध्ये पुढे त्या, मागे मॅनेजर आणि मी, मध्ये मुद्दाम ठेवलेली माझी बॅग. वाटेत मॅनेजरने त्यांनाही तेच सांगितलं, की पाण्याची सोय असती तर आम्ही कधीच केलं असतं, वर कुणालाही विचारा. मी खिडकीबाहेर बघत मनात उत्तरं जुळवत होते.

खाणीच्या फाटकाशी जीप थांबली आणि मला वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी आलो.

रस्ता ओला होता, धुतलेला. फाटकात रांगोळी होती. क्रशर, जो मी जन्मापासून राखाडी बघितला होता, तो हिरव्या रंगाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. खडी वाहणारे पट्टे पुसलेले, पत्रे पुसलेले. ड्रिलची यंत्रं ओळीने उभी, प्रत्येकाला झेंडूचं फूल. दगड वेचणाऱ्या बायका न्हाऊन, केसांत गजरे माळून उभ्या. मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून ट्रेमध्ये चहा घेऊन पुढे आला. आणि त्याच्या मागे माझे बाबा, लग्नाकार्याला घालायच्या पांढऱ्या शर्टात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, खाणीत दरवर्षी असंच करतात. सगळी यंत्रं धुतात, पुसतात, फूल वाहून पूजा करतात, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. या लोकांनी माझ्या तपासणीसाठी वर्षात दुसऱ्यांदा खंडेनवमी केली होती.

मी बाबांना बाजूला ओढलं. "बाबा, हे काय केलंत?"

"काय केलंव? पावणे येतले तर घर झाडूक नको?"

"अहो, पाहुणे नाहीत ते. तपासणी आहे."

"मगे? तपासणीवाले काय घाणीत बसतले?"

मुकादमाने ऐकलं. तो साताऱ्याकडचा, वयाने बाबांपेक्षा मोठा, मला लहानपणापासून ओळखणारा. म्हणाला, "पोरी, तूच बोलावलंस ना त्यांना? मग तुझ्या माणसांपुढे आम्ही घाणेरडं दिसायचं का? तुझीच इज्जत जाईल."

वाट लागली, दुसरा शब्द नाही. आपल्या बाजूची माणसं आपली केस धुऊन, पुसून, वर फूल ठेवून बसली होती. पत्रकं लिहायला शिकवणाऱ्या कुणीही मला सांगितलं नव्हतं की असंही होतं. मॅनेजरचा चेहरा तर विचारू नका. गजरा तेवढा त्याने घातला नव्हता.

मॅडमनी बरोबर आणलेलं धूळ मोजायचं यंत्र लावलं. मोजायला धूळ कुठे होती? मग त्या म्हणाल्या, ड्रिल चालवून दाखवा. बाबा पुढे झाले, कारण चांगलं ड्रिल मारून दाखवायचं तर बाबांनीच, हे खाणीत ठरलेलं. त्यांनी फूल अलगद काढून खिशात ठेवलं, यंत्र कातळावर टेकवलं आणि सुरू केलं. त्याबरोबर मुकादम धावत पाण्याचा पाइप घेऊन आला आणि ड्रिलच्या तोंडाशी पाणी सोडू लागला. मॅडमच्या कपड्यांवर उडायला नको म्हणून. कणभर धूळ उडाली नाही. राखाडी चिखल शांतपणे वाहत मॅडमच्या बुटांपासून दूर गेला.

जे मी तीन पत्रकांत मागितलं होतं ते माझ्या समोर चाललं होतं, आणि ते पाहुणचार म्हणून चाललं होतं. मला रडावं की कुणाला मारावं ते कळेना.

यंत्र थांबलं. मॅडमनी चहाचा घोट घेतला आणि बाबांना विचारलं, "रोज असंच असतं का इथे?"

मॅनेजर बाबांकडे बघत होता. मी खाली चिखलाकडे बघत राहिले. बाबा काय बोलतील ते मला माहीत होतं असं मला वाटलं. नोकरीला घाबरणारा माणूस अशा वेळी एकच शब्द बोलतो, हो.

"नाही मॅडम," बाबा म्हणाले. "आज धुतलं. तुम्ही येणार म्हणून."

त्यात तक्रार नव्हती, धाडस नव्हतं. घरी आलेल्या माणसाला आई ज्या सुरात सांगते ना, की आज खास तुमच्यासाठी घावणे केलेत, तो सूर होता. आपण केलेलं पाहुण्याला कळावं, एवढंच.

"आणि पाणी कुठून आणलंत?"

"त्या जुन्या खाणीत आहे की," बाबांनी हाताने वरची बाजू दाखवली. दगड काढून सोडून दिलेला खोल खड्डा होता तिथे, पावसाचं पाणी साठून त्याचं तळं झालेलं. "बारा महिने असतं. दसऱ्याला तिथलंच घेतो."

मुकादमाला राहवलं नाही. "पंप पण आपलाच आहे मॅडम, कंपनीचा. वर्षातनं एकदा चालवतो. आज बघा, झकास चालला."

मॅडम मॅनेजरकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही मला गाडीत सांगितलंत पाणी नाही. यांनी मला ते वापरून दाखवलं. आता जमत नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही. आज केलंय ते रोज करा."

मी जन्मात इतकं चांगलं पत्रक लिहिलेलं नाही.

इथे मला मॅनेजरबद्दल लिहायचंय, आणि हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो सारवासारव करू शकला असता. बाबांचं तोंड बंद करणं त्याला सोपं होतं, तशी माणसं मी नंतरही खूप बघितली. तो बुटांसकट चिखलातून वर चढत गेला आणि त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून पाणी बघत राहिला. खाली आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "मी तिथे वर कधी गेलोच नव्हतो. मला पाणी नाही असं सांगितलं होतं आणि मी पुढे तेच सांगत राहिलो." त्याच्या जागी मी असते तर हे बोलले असते का? माहीत नाही. पाइप आले, फवारे बसले, ड्रिलला पाण्याची नळी जोडली गेली. कामात खोट काढायला मी तीनदा जाऊन आले. किरकोळ सापडली, तीही दुरुस्त झाली.

पण छातीच्या फोटोचं काय? ते अजून राहिलं होतं, आणि माझ्यासाठी खरं तेच होतं. पुढची धूळ थांबली, पण आधीची आत किती बसली ते कुणाला ठाऊक?

एक्स-रे काढायची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि एकही माणूस चढेना. फोटोत डाग दिसला की गावी आराम करायला जावं लागणार, हे सगळ्यांना पाठ. मॅनेजर म्हणाला, कुणालाही काढणार नाही, फार तर काम बदलून देऊ, पगार तोच. कुणी हललं नाही. तेव्हा मुकादम पुढे होऊन म्हणाला, "साहेब, असं हवेत नको. त्याच्यावर हात ठेवून म्हणा." आणि ड्रिलकडे बोट दाखवलं. ज्याची पूजा करतो त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलायचं नाही, असा खाणीतला रिवाज. चोरी कुणी केली इथपासून सुट्टी मागणाऱ्याच्या सासऱ्याला खरंच बरं नाही का इथपर्यंत सगळ्याचे निकाल तिथेच लागायचे.

काचेच्या ऑफिसातला तो माणूस जरा लाजला. मग घड्याळ मागे सारून त्याने यंत्रावर तळहात ठेवला आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटला. बायकांमध्ये कुणी तरी हसलं. मुकादमाने शर्टाची बटणं काढली आणि सगळ्यांआधी गाडीत चढला. त्याच्या मागे रांग लागली.

थोड्या वेळाने मला त्याचा फोन. मी सकाळपासून आमच्या ऑफिसात होते, वरचं सगळं मला नंतर बायकांनी सांगितलं. "पोरी, सगळे झाले. तुझा बाप पळाला."

घाटकोपरहून मी पोचेपर्यंत दुपार झाली. गाडीवाले थांबले होते, मुकादमाने त्यांना जेवायला बसवून धरून ठेवलं होतं. त्याचेही आभार. बाबा क्रशरच्या मागे दगडावर बसले होते. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "माका काय झाला नाय. कशाक फोटो?"

मी चपलेत गेलेला खडा काढला.

"फोटोत काय दिसला, आणि ड्रिल काढून घेतला, तर मी कोण? हंय माका सगळे ड्रिलवालो म्हणान वळखतत."

मला मुद्दे पाठ होते. सगळे. कायदा, आजार, मागण्या. त्यातलं काही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही बसून झोपता बाबा. आई पाठीला उशा रचते. मला दिसतं."

रात्री आडवं पडून दम लागला की, आम्ही दोघी झोपलोय असं समजून ते हळूच उठून बसायचे, आणि आई ते उठण्याआधीच उशा तयार ठेवायची, आणि यातलं कुणी कुणाला काही म्हणायचं नाही, असं आमचं घर. मग ते म्हणाले, "आयेक सांगू नको तू बघितलंस म्हणान." आणि उठून गाडीकडे गेले. मी मागोमाग गेले नाही.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. दोन्ही बाजूंना धूळ बसली होती. बसलेली निघणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण वेळेत कळलंय, अजून धूळ आत गेली नाही तर माणूस पुष्कळ जगेल, चालेल, फिरेल. ड्रिल आजपासून बंद. बाबांनी विचारलं, "आणि विडी?" डॉक्टर म्हणाले, ती कालपासून बंद. रिक्षात बसल्यावर बाबा माझ्यावरच चिडले, की विडीचं तू आधी सांगून ठेवलं होतंस. नव्हतं सांगितलं.

मुकादमाचा फोटो बाबांच्यापेक्षा वाईट निघाला. कंपनीने त्याला फाटकावर बसवलं. सुरुंगाच्या वेळी लाल झेंडा घेऊन गाड्या अडवायच्या, एवढंच काम. फोटोत डाग निघालेल्या कुणालाही काढलं नाही. ड्रिलवर हात ठेवून दिलेला शब्द मॅनेजरने पाळला. त्याची बदली झाली तेव्हा जाता जाता नव्या मॅनेजरलाही त्याने यंत्रापुढे उभं केलं म्हणतात. हे मी पाहिलं नाही, पण खाणीत सगळे सांगतात.

बाबांना पंपावर दिलं. जुन्या खाणीतलं पाणी चढवायचं, फवारे सोडायचे, नळ्या बघायच्या. सुरुवातीला त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. झाडांना पाणी घालायचं काम दिलंय, असं आईला म्हणाले. आई म्हणाली, बरं झालं, घरातल्या तुळशीलाही घाला. त्यावर दोन दिवस अबोला.

गेल्या महिन्यात मी नव्या मास्कचं पत्रक वाटायला खाणीत गेले होते. वर ड्रिल चालू होतं आणि त्याच्याभोवती धूर उठल्यासारखी भुकटी दिसली. नवा ड्रिलवाला होता, दणकट, तिशीचा. पाण्याने पँट भिजते म्हणून त्याने नळी बंद केली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वर चढायला लागले, पण बाबा माझ्या आधी पंपाकडून निघाले होते. हळूहळू, मध्ये एकदा थांबून. ते त्याच्याकडे गेलेच नाहीत. सरळ कॉम्प्रेसरपाशी गेले आणि तो बंद केला. ड्रिल हातातल्या हातात मेलं.

"ओ काका, काय करताय? काम आहे ना!"

"पाणी नाय तर हवा पण नाय," बाबा म्हणाले आणि कॉम्प्रेसरला पाठ लावून खाली बसले. बाकीचे हसायला लागले. फाटकावरून मुकादमाने ओरडून विचारलं, काय झालं? कुणीतरी ओरडून सांगितलं, म्हाताऱ्याने खाण बंद केली. तो ड्रिलवाला थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग शिवी तोंडातल्या तोंडात गिळून त्याने नळी सोडली. पाणी आलं. बाबांनी बसल्या जागेवरून हात मागे नेऊन कॉम्प्रेसर चालू केला.

मी जवळ जाऊन हात दिला तेव्हा ते उठता उठता म्हणाले, "चांगलो मारता ड्रिल. हात बरो आसा मेल्याचो." आणि नळीतून नीट पाणी पडतंय की नाही बघायला पुन्हा त्याच्याकडे निघाले.